एकोणीस नंबरचा बिघाड

आमच्याकडे माणूस बरा आहे की नाही, हे त्याला विचारून कधी कळत नाही. विचारलं की तो "चालतंय" म्हणतो. पाय मोडला तरी चालतंय, गव्हाचं पीक गारांनी झोपलं तरी चालतंय, आणि मुलीचं लग्न थाटात पार पडलं तरी चालतंयच. नॉर्थ डकोटाच्या या कोपऱ्यात सुखाला आणि संकटाला मिळून हा एकच शब्द पुरतो. परक्याला त्यातलं काही कळत नाही आणि घरच्याला कळतं तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

आर्लिस ब्रेक्केचं अर्धं आयुष्य या एका शब्दाशी झटापट करण्यात गेलं. नॉर्डालच्या टेलिफोन सहकारी संस्थेत ती एकतीस वर्षं नोकरीला आहे. आधी नुसते टेलिफोन होते, मग केबल आली, मग इंटरनेट, आणि आता टीव्ही दाखवणारं अ‍ॅप. दारावर 'मदत विभाग' अशी पाटी आहे, पण विभाग म्हणजे आर्लिस, तिची खुर्ची आणि तिच्या डोक्यावरचा हेडफोन. कुणाचा टीव्ही गोठला, कुणाच्या फोनवर नुसतंच चाक फिरत राहिलं, कुणी भलतं बटण दाबून सगळा टीव्ही स्पॅनिशमध्ये करून ठेवला, की आर्लिसला फोन. समोरच्याचं यंत्र तिला दिसत नाही. त्याच्या तोंडून जे ऐकू येईल त्यावरून बिघाड शोधायचा. आणि समोरचा तर बिघाड आहे हे कबूल करायलाच तयार नसतो.

स्वभावाने ती काळजीखोर. इस्त्री बंद केली का हे बघायला अर्ध्या रस्त्यातून घरी परतणारी. तिचा नवरा डेल म्हणायचा, "तू काळजी करायची सोडलीस ना, तर मी डॉक्टरला बोलवीन." पण या कामाला तो स्वभाव फार उपयोगी पडला.

चार वर्षांपूर्वी लावोन श्टाइन नावाच्या बाईचा टीव्ही बंद पडला होता. आर्लिसने तिच्याकडून तारा काढून-लावून घेतल्या आणि विचारलं, "चालतंय का आता?" लावोन म्हणाली, "चालतंय." पाच आठवड्यांनी चर्चच्या सूपच्या जेवणात कळलं की बाईंच्या टीव्हीला आवाज होता, चित्र नव्हतंच. पाच आठवडे काळ्या पडद्यासमोर बसून ती बातम्या ऐकत होती. "अगं, रेडिओसारखं ऐकायचं, काय बिघडतंय? तुला पुन्हा कुठे त्रास द्यायचा?" आर्लिसला हसावं की डोकं आपटावं कळेना. दुसऱ्या दिवशी तिने एका पुठ्ठ्यावर जाड अक्षरात लिहिलं आणि कॉम्प्युटरच्या पडद्याच्या कडेला चिकटवलं: "चालतंय का, असं विचारायचं नाही. काय दिसतंय ते विचारायचं."

चार वर्षांत तिने तो नियम एकदाच मोडला. ती गोष्ट या फेब्रुवारीतली.

आदल्या रात्री संस्थेने जुनी केबल कायमची बंद केली होती. सकाळपासून सगळं गाव अ‍ॅपवर. तीनशे चाळीस घरं, त्यातल्या निम्म्या घरांतली माणसं सत्तरीच्या पुढची, आणि बाहेर शेतावरचा बर्फ उचलून रस्त्यावर फेकणारं वारं. मॅनेजर ट्रेंट टॉवरकडे काहीतरी बघायला गेला होता. फोनच्या यंत्रावर वाट बघणाऱ्यांचे लाल दिवे सहाच्या खाली येतच नव्हते.

नऊ वाजून सात मिनिटांनी वर्डेल मोएनचा फोन आला. वर्डेल चौऱ्याऐंशीचा. गावापासून अकरा मैलांवर शेतघरात एकटा राहतो. बायको जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा दूर अ‍ॅरिझोनात. आर्लिसचा बाप सेल्मर आणि तो शेजारी-शेजारी नांगरायचे, म्हणून अठ्ठावन्न वर्षांची आर्लिस अजूनही त्याच्या लेखी पोरच.

"सेल्मरच्या पोरी, तुला वेळ नसेल तर मी मग करतो."

"बोला वर्डेल. काय दिसतंय टीव्हीवर?"

"काळा पडदा. मधोमध काहीतरी लिहिलंय आणि खाली आकडे आहेत. सात, तीन, एक, नऊ."

"सात-तीन-एक-नऊ म्हणजे अ‍ॅपला इंटरनेट सापडत नाहीये. टीव्हीचा प्लग भिंतीतून काढा, साठपर्यंत मोजा आणि परत लावा."

वर्डेलने साठपर्यंत मोठ्याने मोजलं, एकही आकडा न गाळता. टीव्ही लागला. हवामानवाली बाई दिसली, तिने निळा कोट घातलाय, असंही त्याने सांगितलं. आर्लिसने नोंद केली आणि पुढचा दिवा दाबला.

दहा अठ्ठेचाळीसला पुन्हा वर्डेल. तोवर दिवे चौदा झाले होते. आर्लिसची कॉफी तशीच गार पडली होती आणि एका बाईने मागच्या फोनवर पासवर्ड सोळा वेळा चुकवला होता.

"तुला उगाच त्रास. सकाळचं ते परत आलंय. पण या खेपेला अर्धंच."

"अर्धं म्हणजे?"

"कापलं गेलंय. ओळी मधूनच सुरू होतात. अर्थ लागत नाही."

आर्लिसला वाटलं, चित्राचा आकार बदलला असणार. जुन्या टीव्हीत रिमोटच्या एका बटणाने चित्र फुगतं आणि कडा बाहेर जातात. असे तीन फोन तिने सकाळपासून निस्तरले होते. "खाली आकडे काय आहेत?"

"एक, नऊ."

तिने '१९' लिहिलं. आकाराचं बटण सांगितलं. वर्डेलला ते सापडायला फार वेळ लागला. एकदा रिमोट पडला, तो शोधायला आणखी वेळ. काही फरक पडला नाही. मग ती म्हणाली, "तुमच्या फोनवर अ‍ॅप उघडून बघा बरं."

"बघतोय. तेही अर्धंच. गंमत आहे."

सोळावा, सतरावा दिवा लागत होता. आणि तिच्या तोंडून ते निघून गेलं. "चालतंय का पण?"

"चालतंय गं. अर्धं तर अर्धं. तुझ्याकडे माणसं खोळंबली असतील."

अकरा वाजून दोन मिनिटांनी तिने वर्डेलची नोंद बंद केली. नोंद बंद करताना कारण लिहावं लागतं. तिने लिहिलं: 'समस्या सुटली. ग्राहक म्हणतो, चालतंय.'

त्यानंतर तिने दोन फोन घेतले, पण लक्ष लागेना. मनात पाल चुकचुकत होती. काय चुकलंय ते सापडत नव्हतं. तिसऱ्या माणसाने त्याचा आकडा वाचला, पाच-शून्य-शून्य-दोन, आणि तो लिहिता लिहिता ती थांबली. अ‍ॅपच्या बिघाडाचे सगळे आकडे चार अंकी. दोन अंकी एकही नाही. एकोणीस नंबरचा बिघाड अस्तित्वातच नव्हता.

"तुम्हाला पुन्हा फोन करते," असं सांगून तिने त्या माणसाचा फोन तोडला. एकतीस वर्षांत असं तिने कुणाला केलं नव्हतं. तिने वर्डेलच्या दोन्ही नोंदी पडद्यावर शेजारी-शेजारी मांडल्या. सकाळी सात-तीन-एक-नऊ. नंतर एक-नऊ. आकडा तोच होता. उजवीकडचे दोन अंक होते, डावीकडचे दोन नव्हते.

दोन वेगळ्या यंत्रांत एकच बिघाड दिसला तर यंत्रांच्या मागे लागायचं नाही, दोघांत सामाईक काय आहे ते बघायचं, हे या कामातलं पहिलं शिक्षण. सामाईक असतो तो बहुधा राउटर. पण राउटर काही चित्राची डावी बाजू कापून ठेवत नाही. भिंतीवरचा टीव्ही आणि खिशातला फोन यांच्यात आणखी सामाईक काय? दोन्हींकडे बघणारा माणूस एकच होता.

तिने फोन लावला. चार वेळा वाजला. सात वेळा. नवव्यांदा उचलला गेला.

"फोन सापडेना," वर्डेल म्हणाला. "वाजतोय कुठे तेच कळेना. मांडीशेजारीच होता की."

"डावीकडे होता का?"

"असेल."

"वर्डेल, दोन्ही हात वर करा बरं. टीव्हीच्या लहरी अडतात का ते बघायचंय." टीव्हीच्या लहरी हातांनी अडत नाहीत हे कुणालाही कळलं असतं. वर्डेलला कळलं असतं, रोजच्या वर्डेलला. तो म्हणाला, "केले." मग थोड्या वेळाने, "डावा झोपलाय वाटतं. अंगाखाली आला असेल. चालतंय."

आर्लिसने दुसऱ्या हाताने मोबाइल उचलून आपत्कालीन नंबर लावला, हेडफोनचं तोंड मुठीत झाकलं आणि हळू आवाजात पत्ता सांगितला. चौऱ्याऐंशी वर्षं, एकटा, डावी बाजू गेली आहे, त्याला स्वतःला कळत नाहीये. आमच्याकडची अ‍ॅम्ब्युलन्स म्हणजे गावातलीच माणसं. ती चालवते डार्ला फिएल्ड, एरवी शाळेत स्वयंपाक करते. शाळेच्या जेवणाची वेळ होत आली होती. पाटीभर बटाटे ओव्हनमध्ये तसेच ठेवून डार्ला निघाली, हे नंतर कळलं.

आता प्रश्न वर्डेलचा होता. त्याला खरं सांगितलं असतं तर तो नको म्हणाला असता. या वाऱ्यात पोरांना कशाला बाहेर काढतेस, म्हणाला असता, आणि दाराला कडी लावून बसला असता. असं त्याने एकदा केलेलं होतं, गुडघा सुजून भोपळा झाला होता तेव्हा.

"वर्डेल, मी माणसं पाठवतेय. तार तपासायला. दार उघडंच आहे ना?"

"माझं दार कधी बंद असतं का? पण या वाऱ्यात कशाला गं? किती माणसं?"

"तिघं असतील."

"मग कॉफी ठेवतो."

आमच्याकडे दारात आलेल्याला कॉफीशिवाय सोडत नाहीत. मरणाच्या दारातला माणूसही आधी किटली ठेवेल. आणि वर्डेलकडे गॅसची शेगडी, आणि त्याला जगाची डावी बाजू दिसत नव्हती.

"उठू नका. वर्डेल, ऐकताय ना? उठायचं नाही."

"माणसं येणार आणि कॉफी नको?"

"मला तुमची टीव्हीसमोर गरज आहे. ते आकडे बदलतील. बदलले की लगेच मला सांगायचं. एक सेकंदही नजर हलवायची नाही. तुमच्याशिवाय हे काम होणार नाही."

तो थांबला. कुणाला तरी आपली गरज आहे, यापुढे वर्डेलचं काही चालत नसे. "बरं," तो म्हणाला. "बघतो."

अकरा मैलांना एरवी बारा मिनिटं लागतात. समोर वीस फुटांपलीकडे रस्ता दिसत नसताना किती लागतील हे कुणी सांगावं? आर्लिस भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. दिवे एकवीस झाले. लावोनचाही फोन होता त्यात. तिने कुठलाच उचलला नाही. दर मिनिटाला ती विचारायची, "काय दिसतंय?" आणि वर्डेल सांगायचा, "एक, नऊ. तेच." मग सेल्मरच्या जुन्या ट्रॅक्टरची गोष्ट त्याने सांगायला घेतली, अर्ध्यावर सोडली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. शब्द जाड येऊ लागले होते. तोंडात घास ठेवून बोलावं तसे.

आठव्या मिनिटाला खुर्ची करकरली.

"वर्डेल?"

उत्तर नाही. पावलं, एक पाय ओढत टाकल्यासारखी. मग पत्र्याचा डबा जमिनीवर आदळला आणि गडगडत गेला.

"वर्डेल, काय दिसतंय?"

नुसता वाऱ्याचा आवाज. आर्लिस उभी राहिली. उभं राहून करणार काय होती? कान देऊन ऐकायचं हेच तिचं काम, आणि ऐकायलाच काही नव्हतं. तिने पुठ्ठ्यावरचं आपलंच अक्षर वाचलं. अकरा वाजता हा एक प्रश्न विचारला असता तर. काय दिसतंय, काय दिसत नाहीये, नीट सांगा. दोन मिनिटांचं काम. सतरा दिवे होते म्हणून तिने ती दोन मिनिटं वाचवली होती. तिला रडूही येईना.

एकोणिसाव्या मिनिटाला दार आपटल्याचा आवाज आला, बूट वाजले, आणि डार्ला म्हणाली, "वर्डेल, खाली काय बसलास असा? आं? कॉफी सांडलीस ना सगळी." मग कुणीतरी फोन उचलला. "आर्लिस, आहे गं. शुद्धीवर आहे. शेगडी लागलेली नाही. आम्ही निघतो." आणि मागून वर्डेलचा आवाज, "कॉफी... राहिली."

आर्लिस बसली. समोरचे तेवीस दिवे तिने एकेक करून घेतले. प्रत्येकाला विचारलं, काय दिसतंय. मध्येच थांबावं लागलं की ती म्हणायची, "एक मिनिट हं, लाइन खराब आहे."

पाऊण वाजता काउंटीच्या दवाखान्यातून डार्लाचा फोन आला. ती घाईत होती. "इथे पडद्यावर फार्गोच्या मोठ्या हॉस्पिटलातली डॉक्टरीण आहे, ती त्याला तिथूनच तपासतेय. गुठळी विरघळवायचं औषध आहे म्हणते, पण सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. वर गेलं तर देता येत नाही, उलट रक्तस्राव होतो. हा कधीपासून असा आहे, कुणाला माहीत? त्याला विचारलं तर म्हणतो, कसा? मला काय झालंय?"

"थांब," आर्लिस म्हणाली. तिने नोंद उघडली. आवाज कामावरचा आला. "नऊ सात. ग्राहकाने सात-तीन-एक-नऊ वाचलं. चारही अंक. साठपर्यंत न चुकता मोजलं. हवामानवालीचा कोट निळा आहे म्हणाला."

"म्हणजे नऊ सातला धड होता."

"नऊ चौदापर्यंत. तेव्हा फोन ठेवला. दहा अठ्ठेचाळीस, एक-नऊ वाचलं. डावीकडचे दोन गेले. रिमोट सापडत नव्हता."

डार्लाने ते मागे वळून कुणाला तरी सांगितलं. पडद्यावरून एका बाईचा स्वच्छ आवाज आला, "नऊ चौदा धरा. चला, वेळ आहे." मग डार्लाने विचारलं, "आणखी काही लिहिलंय?"

आर्लिसने वाचलं. "अकरा दोन. समस्या सुटली. ग्राहक म्हणतो, चालतंय."

"ते नाही लागत त्यांना," डार्ला म्हणाली. "वेळ तेवढी हवी होती."

औषध एक वाजून पाच मिनिटांनी दिलं गेलं. त्या संध्याकाळी आर्लिसने घरी जाण्याआधी एकच काम केलं. वर्डेलची बंद केलेली नोंद पुन्हा उघडली आणि तशीच ठेवली. उघडी नोंद तीन दिवसांत मिटली नाही तर कॉम्प्युटर तिला लाल रंगात वर आणून ठेवतो. चौथ्या दिवशी ट्रेंट म्हणाला, "ही मोएनची बंद कर ना, माणूस दवाखान्यात आहे, त्याला कुठला टीव्ही?" आर्लिस म्हणाली, "सुटलेली नाही." ट्रेंटने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि पुन्हा विषय काढला नाही.

रविवारी ती वर्डेलला भेटायला गेली, पण तो झोपला होता. डावा हात पांघरुणावर कुणीतरी विसरून ठेवल्यासारखा पडला होता. तिने आणलेले खजुराचे बार्स नर्सकडे दिले. परत येताना गाडी रस्त्याकडेला घेऊन ती बराच वेळ रडली. झालं ते झालं असं तिला म्हणता येत नव्हतं. अकरा वाजल्यापासून अकरा वाजून वीस मिनिटांपर्यंतचा वेळ तिने घालवला होता, आणि तो वर्डेलच्या डोक्यातून गेला होता. नक्की किती गेलं, हे कुणी मोजून सांगणार नव्हतं.

पुढचे दिवस लाल ओळ रोज सकाळी तिच्यासमोर यायची. सहावा दिवस, अकरावा, विसावा. वर्डेल घरी आल्याचं तिला चर्चमध्ये कळलं. मुलगा अ‍ॅरिझोनाहून येऊन राहिला होता. फोन करावासा वाटायचा, धीर व्हायचा नाही. कसे आहात विचारलं तर तो काय म्हणणार, हे ठाऊकच होतं.

मार्चच्या शेवटी एका मंगळवारी, दहाच्या सुमारास दिवा लागला.

"सेल्मरच्या पोरी. तुला वेळ नसेल तर मी मग करतो."

आवाज थोडा ओढल्यासारखा होता, पण त्याचाच होता. आर्लिसने खुर्चीचे हात घट्ट धरले. "बोला वर्डेल. काय दिसतंय?"

"काळा पडदा. माझा मुलगा नीट करतो म्हणत होता, त्याने आणखी घोळ घातला. खाली आकडे आहेत."

"वाचा."

"थांब जरा. मला आता मान वळवून बघावं लागतं. डॉक्टरीण म्हणाली, डावीकडे काही नाही असं वाटलं तरी तिकडे बघायचं." मोठा श्वास ऐकू आला. "चार." मग फार वेळ. आर्लिस एक शब्द बोलली नाही. "शून्य. दोन. सहा."

"पुन्हा वाचा."

"ऐकू नाही आलं का?"

"आलं. पुन्हा वाचा."

त्याने पुन्हा वाचलं, या खेपेला थोडं लवकर. चार-शून्य-दोन-सहा म्हणजे अ‍ॅप जुनं झालंय, नवं उतरवून घ्यावं लागतं. तिने ते सावकाश समजावून सांगितलं, मुलाला फोन द्यायला लावला नाही. पंचवीस मिनिटं लागली. दिवे वाढत होते, तिने त्यांच्याकडे बघितलं नाही.

"लागला," वर्डेल म्हणाला.

"काय दिसतंय?"

"अगं, लागला म्हणतोय ना. तीच हवामानवाली. उजवीकडे." मान वळवण्याइतका वेळ गेला. "आणि डावीकडे नकाशा. आपल्यावर पाऊस दाखवतायत."

त्याने फोन ठेवल्यावर आर्लिसने ती लाल नोंद उघडली. कारणाची रिकामी चौकट होती. तिने लिहिलं, 'ग्राहकाने चारही आकडे वाचले,' आणि नोंद बंद केली. मग पुढचा दिवा घेतला.